बारा शब्द कुठे ठेवायचे?

प्रश्न : मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत राहतो. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. २०२१ पासून जमेल तसं बिटकॉइन घेत आलो. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवर मोठी चोरी झाली तेव्हा मी धसका घेतला. माझं खातं दुसऱ्या एक्स्चेंजवर होतं, तरी धाकट्या भावाच्या सांगण्यावरून तिथलं सगळं मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये काढून घेतलं. तेव्हा बारा इंग्रजी शब्द आले. ते वहीत लिहिले, आणि वही हरवली तर काय म्हणून त्यांचा फोटोही काढून ठेवला. लॅपटॉपवर बिटकॉइन कोअर या वॉलेट प्रोग्रॅममध्ये पहिल्या वर्षीचं थोडं पडून आहे, त्याला पासवर्ड घातलेला नाही. भाऊ पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो सगळं एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डनं कुलूपबंद करून, गूगल ड्राइव्हवर टाक. मित्र म्हणतो कागद लॅमिनेट करून तिजोरीत ठेव. २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं आणि तिजोरी तिथंच आहे. बायकोला यातलं काही माहीत नाही. कोणाचं ऐकू? आणि जुना फोन विकायचा आहे, विकला तर चालेल का?

उत्तर : नमस्कार. पुराचं आणि तिजोरीचं नंतर बघू, आधी त्या फोटोचं बोलतो.

बहुतेक फोनवर काढलेला फोटो आपोआप गूगल फोटोजवर किंवा आयक्लाउडवर जातो. तिथून तो घरातल्या टॅबवर, लॅपटॉपवर, त्याच खात्याला जोडलेल्या दुसऱ्या फोनवर उतरतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने ‘स्पार्ककॅट’ नावाचा प्रकार उघडकीस आणला. गॅलरीतले फोटो वाचून त्यांत वॉलेटचे शब्द हुडकणारा कोड गूगल प्ले आणि ॲपलच्या ॲप स्टोअर या दोन्ही ठिकाणच्या काही ॲपमध्ये दडवलेला होता. म्हणजे तुमच्या फोनला हातही न लावता कुणी त्या फोटोपर्यंत पोहोचू शकतं. फोटो आज डिलीट केलात तरी तो आजवर कुठे कुठे जाऊन आला हे तुम्हाला कळायचा काहीच मार्ग नाही. म्हणून ते बारा शब्द फुटले आहेत असंच धरून चाला. नवीन वॉलेट तयार करा, त्याचे नवे शब्द हाताने लिहा आणि जुन्यातली सगळी रक्कम नव्यात पाठवा. नेटवर्कची थोडी फी जाईल, ती जाऊ द्या. रक्कम गेली तर झोप उडेल इतकी असेल, तर हे नवं वॉलेट फोनवर न करता हार्डवेअर वॉलेटवर, म्हणजे त्यासाठीच बनवलेल्या छोट्या वेगळ्या उपकरणावर करा. ते थेट कंपनीकडूनच घ्या, कुणाचं वापरलेलं घेऊ नका. डब्यात आधीच शब्द छापलेलं कार्ड निघालं तर ती सरळ फसवणूक समजा.

आता भाऊ आणि मित्र. भावाच्या डोळ्यांसमोर चोर आहे, मित्राच्या डोळ्यांसमोर पाणी. दोघांची भीती खरी आहे, पण एकाचा उपाय दुसऱ्याचं संकट वाढवतो. जितक्या जास्त प्रती कराल तितक्या जास्त ठिकाणाहून चोरी होऊ शकते. जितकी जास्त कुलपं घालाल तितका तुम्ही स्वतःच बाहेर अडकण्याचा धोका मोठा. आणि माझं ठाम मत असं, की तुमच्यासारख्या घरच्या बचतदाराला चोरापेक्षा स्वतःच्याच कुलपाची भीती अधिक बाळगायला हवी.

स्टेफन थॉमस या प्रोग्रामरचं उदाहरण जगभर गाजलं. त्याच्याकडे ७,००२ बिटकॉइन होते, ते खर्च करण्याच्या किल्ल्या एका आयर्नकी नावाच्या एन्क्रिप्टेड ड्राइव्हमध्ये. पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. ते ड्राइव्ह दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर आतला मजकूर कायमचा बंद करून टाकतं. जानेवारी २०२१ मध्ये ही गोष्ट छापून आली तेव्हा त्याचे आठ प्रयत्न वाया गेले होते. एन्क्रिप्शन उत्तम होतं, चोराला काही मिळालं नाही, मालकालाही नाही. दुसरीकडे वेल्समधल्या न्यूपोर्ट गावचे जेम्स हॉवेल्स. त्यांची सुमारे ८,००० बिटकॉइनची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. कचरा डेपो खणू द्या म्हणून ते वर्षानुवर्षं भांडले, जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. ती किल्ली दुसऱ्या जागी आणखी एका प्रतीत असती, तर काही बिघडलं नसतं. या दोघांपैकी कुणाकडेही चोर आलेला नव्हता.

एक्स्चेंजवर ठेवलेले पैसे म्हणजे सराफाकडे ठेवलेलं सोनं होतं, तो बुडाला की आपण बुडालो. आता सराफही तुम्हीच. ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर नवा पाठवणारं इथं कुणी बसलेलं नाही. नाणी फोनमध्ये नसतातच, ती नेटवर्कच्या सामायिक खातेवहीत असतात. तुमच्याकडे असते ती फक्त खर्च करण्याची किल्ली, आणि ते बारा शब्द म्हणजे सगळ्या किल्ल्यांचं मूळ. बहुतेक मोबाइल वॉलेटमधले शब्द २०१३ च्या बीआयपी-३९ या मानकाप्रमाणे २,०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. शब्द आणि त्यांचा क्रम जुळला, की जगातल्या कुठल्याही चालणाऱ्या फोनवर तुमचं वॉलेट पुन्हा उभं राहतं. फोन रंकाळ्यात पडला तरी फिकीर नाही. पण ते शब्द ज्याच्या हाती पडले तो मालक झाला, हेही तितकंच खरं.

म्हणून बारा शब्द कधीही, कुठल्याही रूपात डिजिटल करू नका. एन्क्रिप्ट करूनही नाही. इथं भावाचं ऐकू नका. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं, ईमेलचा ड्राफ्ट, फोनच्या नोट्स, झेरॉक्स, सगळं वर्ज्य. हल्लीच्या झेरॉक्स मशीनमध्येही मेमरी असते.

मित्राचा कागद त्यापेक्षा बरा, पण लॅमिनेशनवर भिस्त ठेवू नका. कडेला जरा फट राहिली की पाणी आत शिरतं, आणि दोन दिवस गाळाच्या पाण्यात राहिलेल्या कागदाची अवस्था शाहूपुरीकरांना मी काय सांगणार? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा व्हीनस कॉर्नर आणि कुंभार गल्ली पाण्यात होती. तुमच्या भागात पूर येईल असं गृहीत धरूनच बॅकअप करायचा.

आणि इथं तुमचा धंदाच तुमच्या कामाला येतो. एसएस ३०४ स्टेनलेस स्टीलच्या पट्टीचे दोन ऑफकट घ्या, दीड-दोन एमएम जाडीचे. तुमच्या शॉपमध्ये अक्षरांचे पंच असतीलच, नसले तर लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात मिळतील. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं ठोकली तरी पुरतात, कारण ती यादी बनवतानाच पहिल्या चार अक्षरांत कुठलेही दोन शब्द सारखे येणार नाहीत अशी बनवली आहे. शब्द तीनच अक्षरांचा असेल तर तीनच. प्रत्येकाआधी एक ते बारा क्रमांक ठोकायला विसरू नका, क्रम चुकला तर पट्टी निरुपयोगी. स्टेनलेस स्टील वितळायला सुमारे १,४०० अंश सेल्सिअस लागतात, घराच्या आगीत तितकी धग सहसा होत नाही. पाण्याचा तर प्रश्नच नाही. मात्र हे काम कामगार गेल्यावर, एकट्यानं करा. शॉपमध्ये सीसीटीव्ही असेल तर त्याच्या नजरेआड करा. लग्नात द्यायच्या भांड्यांवर नावं घालून देणाऱ्याकडे ही पट्टी चुकूनही नेऊ नका. माणूस कितीही ओळखीचा असला तरी नाही.

एक पट्टी घरात वरच्या मजल्यावर. दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये, पण शाखा पुराच्या टप्प्याबाहेरची आणि लॉकर तुमच्या दोघा नवराबायकोच्या नावाने. रिझर्व्ह बँकेचे लॉकरचे नियम जानेवारी २०२२ पासून बदलले. बँकेच्या हलगर्जीपणामुळे आग, चोरी झाली तर वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत जबाबदारी बँकेवर येते, पण पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत येत नाही. स्टील भिजून खराब होणार नाही, पण पुरानंतर महिनाभर शाखाच बंद राहिली तर? म्हणून दोन जागा, आणि त्या एकाच पाण्यात न बुडणाऱ्या.

दुसरी पट्टी भावाकडे का नको, असं तुमच्या मनात येईल. भावावर अविश्वास म्हणून नव्हे. पट्टी त्याच्या घरी असली आणि उद्या वॉलेट रिकामं झालं, तर दोष कुणाचाही असो, दोन भावांच्या मनात किंतु येणार. त्याच्याकडे वेगळं काम द्यायचं आहे, ते पुढे सांगतो.

सहा शब्द इथं आणि सहा तिथं, ही युक्ती तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल. करू नका. कुठलाही एक तुकडा गेला की सगळंच गेलं, म्हणजे हरवण्याचा धोका दुप्पट. शिवाय अर्धे शब्द हाती लागलेल्या माणसासाठी उरलेलं कोडं अर्ध्याहून कितीतरी पटींनी सोपं होतं. काही वॉलेट बारा शब्दांवर तेरावा, स्वतःचा गुप्त शब्द घालू देतात. तुम्ही तो सध्या घालू नका असं मी सांगेन. त्याची एक वाईट खोड आहे: तो चुकीचा टाकला तर वॉलेट ‘चूक’ म्हणत नाही, मुकाट्यानं दुसरंच रिकामं वॉलेट उघडून दाखवतं. दहा वर्षांनी एका स्पेलिंगच्या फरकानं माणूस स्वतःचे पैसे चोरीला गेले असं समजून बसतो.

लॅपटॉपचं प्रकरण वेगळं. बिटकॉइन कोअर बारा शब्द देत नाही, तिथं सगळा जीव एका फाइलमध्ये असतो, वॉलेट डॉट डॅट. इथं मात्र एन्क्रिप्शन हवंच, आणि भाऊ बरोबर आहे. क्रम असा ठेवा. आधी आहे तशा फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, फाइल मेनूतल्या ‘बॅकअप वॉलेट’नं. प्रोग्रॅम चालू असताना फोल्डरमधून फाइल उचलून कॉपी करायची नाही. तुमचं वॉलेट २०२१ चं आहे, त्यामुळे ते जुन्या पद्धतीचं असण्याची शक्यता मोठी. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ३० व्या आवृत्तीपासून बिटकॉइन कोअर जुन्या पद्धतीची वॉलेट थेट उघडत नाही, ती नव्या पद्धतीत बदलून घ्यावी लागतात. म्हणून ही पहिली प्रत हातात असल्याशिवाय अपडेटचं बटण दाबू नका.

मग सेटिंग्जमधून ‘एन्क्रिप्ट वॉलेट’. पासवर्ड घातला की आतल्या खासगी किल्ल्या एईएस-२५६ या एन्क्रिप्शनच्या पद्धतीनं बंद होतात. त्याच वेळी प्रोग्रॅम पुढच्या पत्त्यांसाठी (पत्ता म्हणजे पैसे घेण्याचा खाते क्रमांक समजा) नवं मूळ तयार करतो, त्यामुळे आधीची प्रत पुढच्या व्यवहारांना उपयोगाची राहत नाही. एन्क्रिप्ट केल्यावर लगेच नवा बॅकअप घ्या. हे न कळल्यामुळे माणसं जुनाच पेन ड्राइव्ह जपून ठेवतात. आणि उलट बाजूनं, त्या जुन्या बिनपासवर्डच्या प्रतीत जुन्या पत्त्यांच्या किल्ल्या तशाच उघड्या पडलेल्या असतात. तेव्हा नवा बॅकअप झाला की त्याच वॉलेटमध्ये पैसे घेण्यासाठी एक नवा पत्ता काढून सगळी रक्कम त्यावर पाठवून द्या. मग जुनी प्रत कुणाला सापडली तरी तिच्यात काही नसेल.

आणखी एक बारकावा. हे एन्क्रिप्शन फक्त किल्ल्यांवर असतं. तुमचे पत्ते, व्यवहार, शिल्लक, हे सगळं ती फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला पासवर्डशिवाय वाचता येतं. म्हणून गूगल ड्राइव्हवर टाकायचीच असेल तर आधी फाइल कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रॅमनं, व्हेराक्रिप्टच्या डब्यात किंवा सेव्हन-झिपमध्ये, पासवर्ड घालून बंद करा, मग टाका. दोन पेन ड्राइव्ह आणि ही एक ऑनलाइन प्रत पुरेत. सगळी ब्लॉकचेन, म्हणजे ती सामायिक खातेवही, कॉपी करत बसू नका. ती सहाशे जीबीच्या पुढे गेली आहे आणि पुन्हा कुणाकडूनही उतरवून घेता येते, किल्ल्या तेवढ्या घेता येत नाहीत.

पासवर्डचं नीट ऐका. अंबाबाई, ज्योतिबा, रंकाळा, गाडीचा नंबर, मुलीची जन्मतारीख हे सगळं पहिल्या फेरीतच तपासलं जातं. डाइसवेअर नावाची एक साधी पद्धत आहे: पाच फासे टाकायचे, येणाऱ्या पाच आकड्यांवरून ७,७७६ शब्दांच्या यादीतला शब्द घ्यायचा. असे सहा शब्द झाले की ते यंत्रानं अंदाजानं फोडणं आवाक्याबाहेर जातं. आवडीचा शब्द मधेच घुसडायचा नाही, फासे म्हणतील तेच. आणि पासवर्ड रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत ठेवा. देवनागरीत ठेवायचा मोह मलाही समजतो, पण ‘ऱ्या’सारखं जोडाक्षर दोन कीबोर्डांवर डोळ्यांना एकसारखं दिसूनही आत वेगळ्या खुणांनी साठवलेलं असू शकतं. संगणक त्याला वेगळा पासवर्ड समजतो. आज मोबाइलवर टाकलेला ‘ऱ्या’ पाच वर्षांनी लॅपटॉपवर चालेलच याची खात्री नाही.

हा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. लिहू नये असं तुम्हाला आजवर सगळ्यांनी सांगितलं असेल, ते ऑफिसच्या संगणकाला ठीक आहे. इथं विसरणं हाच मोठा शत्रू आहे. फक्त कागद आणि पेन ड्राइव्ह एका जागी नकोत.

इतकं करून अजून काम अर्धंच झालं. नव्या मोबाइल वॉलेटवर आधी पाच-सातशे रुपयांचीच रक्कम पाठवा. पैसे घेण्याचा पहिला पत्ता कागदावर उतरवा. मग वॉलेट चक्क पुसून टाका आणि पट्टीवर ठोकलेल्या अक्षरांवरून, वहीकडे न बघता, परत उभं करा. तोच पत्ता दिसला आणि ती छोटी रक्कम दिसली, की मग बाकीचे पैसे हलवा. हे होईपर्यंत जुनं वॉलेट आणि जुनी वही तशीच ठेवा. पट्टीवर ‘एम’च्या जागी ‘एन’ ठोकला गेला असेल तर तो आज सापडलेला बरा. लॅपटॉपच्या बॅकअपचंही तसंच, पेन ड्राइव्हवरची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पासवर्ड टाकून बघा. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं नुसतं पडून राहिलं की दगा देतं, म्हणून दरवर्षी मृग लागायच्या आत, तळमजल्यावरचं सामान वर हलवता त्याच आठवड्यात, एकदा तपासत जा.

आता ज्या वाक्यानं मला सगळ्यात अस्वस्थ केलं ते: बायकोला यातलं काही माहीत नाही. बँकेच्या खात्याला नॉमिनी असतो, इथं नाही. उद्या महामार्गावर तुम्हाला काही झालं, तर तुमची ही सगळी बचत कुणालाही न मिळता तशीच गोठून राहील. वहिनींना आजच सांगा. बिटकॉइन कसं चालतं हे शिकवायची गरज नाही. एक साधं पत्र मराठीत लिहून लॉकरमध्ये पट्टीशेजारी ठेवा: काय आहे, कुठल्या नावाच्या वॉलेटमध्ये आहे, पट्टी कुठे कुठे आहे, लॅपटॉपचा पासवर्ड कुठल्या पाकिटात आहे. आणि अडचण आली तर भावजींना बोलवायचं, शब्द मात्र स्वतःच्या हातानं टाकायचे. भावाचं काम हेच. कसं करायचं ते त्याला माहीत, शब्द कुठे आहेत ते वहिनींना माहीत. दोघं एकत्र बसल्याशिवाय काही हलणार नाही.

पत्रात एक ओळ ठळक लिहा, की बारा शब्द विचारणारा प्रत्येक माणूस चोर आहे. फोनवरचा ‘वॉलेट व्हेरिफिकेशन’वाला, टेलिग्रामवरचा मदतनीस, कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्रसुद्धा. २०२० मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट कंपनीच्या ग्राहकांचे घरचे पत्ते फुटले आणि पुढे लोकांना खरोखर टपालानं बनावट पत्रं, बनावट उपकरणं गेली. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा, पण पाठवलेलं बिटकॉइन मागे फिरत नाही हेही त्यांना माहीत असू द्या. आणि तुम्ही स्वतः, कट्ट्यावर किंवा शॉपमध्ये, किती आहे हे कुणाला बोलू नका.

कराबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी थोडक्यात. १ एप्रिल २०२२ पासून विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. स्वतःच्या एका वॉलेटमधून स्वतःच्याच दुसऱ्यात हलवणं म्हणजे विक्री नव्हे, पण या हलवाहलवीच्या तारखा आणि व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, आणि जुन्या एक्स्चेंजवरची खरेदीची स्टेटमेंट खातं बंद व्हायच्या आत उतरवून घ्या. तुमचे सीए ती मागतील.

फोन विकायला हरकत नाही, पण सगळ्यात शेवटी. नवं वॉलेट पट्टीवरून उभं राहिलेलं पाहिलंत, जुन्यातली सगळी रक्कम नव्यात पोहोचली, मगच फोटो गॅलरीतून, क्लाउडमधून आणि दोन्हीकडच्या ‘ट्रॅश’मधून काढा, फोन सेटिंग्जमधून फॅक्टरी रीसेट करा आणि द्या. गेल्या काही वर्षांतल्या फोनची साठवण मुळातच एन्क्रिप्ट केलेली असते, रीसेटनं तिची किल्ली पुसली जाते, तेवढं पुरतं. वहीतलं जुन्या शब्दांचं ते पान मात्र त्याच दिवशी जाळून टाका.